आधी पोचेल त्यानं थांबायचं

आटपाट वस्ती होती. वस्तीत एक सुतार होता, त्याला सगळे आबा म्हणायचे. आबांची बायको होती, तिला पोरं आई म्हणायची आणि पोरांचं ऐकून शेजारीपाजारीही आईच म्हणायचे. एक थोरला मुलगा, एक धाकटी मुलगी. आणि घरालगतच्या सुतारकामाच्या कारखान्याच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला एक गुण्या. घरात माणसं किती, असं कुणी विचारलं की आई म्हणायची, "चार. आणि गुण्या पाचवा."

सहावी मी. मी एक तुळई बोलतेय. छपराखालची नव्हे, चालती तुळई.

माझं आधी सांगते. मला कुठल्या भट्टीत ओतलं, कुणी ओढून लांब केलं, ते मला आठवत नाही. आपला जन्म कुणाला आठवतो? पहिलं आठवतं ते बसथांब्याचं छप्पर. त्याच्या खाली मी आडवी होते. माझ्याखाली माणसं वाट बघत उभी राहायची. वाट बघणारं माणूस दर दोन मिनिटांनी रस्त्यावर डोकावून येतं. डोकावल्यानं बस लवकर येते असं त्याला का वाटतं, कोण जाणे. पण एक मात्र मी तिथं शिकले. जो लवकर येतो त्याला थांबावं लागतं, आणि थांबण्यात कमीपणा नसतो.

थांबा पाडला, रस्ता रुंद झाला, मी भंगारात गेले. तिथं गंजत पडले असताना एक दिवस धाकटी आली. ती विजेच्या जळलेल्या मोटारींमध्ये नवी तार भरायचं काम करायची. बोटांना कायम वार्निशचा वास. तिनं बोटाच्या पेरानं मला ठोकून पाहिलं, मग एक डोळा मिटून माझ्या टोकाशी गाल टेकवला आणि दुसऱ्या टोकापर्यंत नजर टाकली. थेट आबांसारखं. म्हणाली, "ही सरळ आहे. हिला घेते."

आयुष्यात मला कुणी पहिल्यांदाच 'घेते' म्हणालं.

ती मला का घेऊन आली, ते सांगायचं तर गुण्याचं आधी सांगायला हवं.

गुण्या म्हणजे लाकडाची मूठ आणि तिच्यात काटकोनात बसवलेलं पोलादी पातं. कोपरा खरा की खोटा, हे सुतार त्याच्यावर ठरवतो. आबांचा गुण्या त्यांच्या वडिलांचा. मूठ घामानं काळी आणि काचेसारखी गुळगुळीत झालेली. "गुण्यात आहे" म्हणाले की त्या घरात विषय संपायचा. पोरं भांडली, कुणाचं खरं हे कळेना झालं, की आई म्हणायची, "थांबा, गुण्या लावून बघते." दुसऱ्या सुतारांचे गुण्ये आबा हातात घेऊन, उलटसुलट करून तपासायचे. आपला मात्र कधी नाही. बापाच्या गुण्याला गुण्या कोण लावणार?

आबा लाकडावर वेल कोरायचे. सरळ आडवं वाढणारा वेल, एकेक पान वेगळं. वस्तीतल्या नव्या वाचनालयाचं दार करून देईन, असा त्यांनी ग्रंथपाल बाईंना शब्द दिला होता. दोन फळ्यांचं दार, आणि वेल एका फळीवरून निघून दुसरीवर जाणार. दार मिटलं की मधली फट विसरून जायची, नुसता वेल दिसायचा. एकाच खोडाच्या दोन रुंद फळ्या त्यांनी त्यासाठी जपून ठेवल्या होत्या. तशी तिसरी फळी नव्हती.

आणि नेमकं तेव्हाच आबांचं काम वाकडं येऊ लागलं. एक कपाट परत आलं, दारं मिटेनात. दुसरं परत आलं. आबांनी रंधा मारला, बिजागऱ्या हलवल्या, काही उपयोग नाही. त्याच दिवसांत थोरल्यानं केलेली कपाटं मात्र नीट बसत होती. माणसं काय, बोलायला मोकळी! "मुलगा बापाच्या पुढं गेला हो." थोरला ते ऐकायचा आणि मान खाली घालायचा. लोकांना वाटायचं, किती नम्र.

एक दिवस आबांनी कोरायच्या पटाशा तेलाच्या फडक्यात गुंडाळल्या. म्हणाले, "माझा डोळा गेला." आणि कारखान्याच्या दाराला पाठ करून अंगणात बसायला लागले. दोन वर्षं बसले.

मग ग्रंथपाल बाई आल्या. वाचनालयाच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या, महिनाअखेर दारं उघडायची होती.

"आबा, तुमचं दार नसेल तर मला बाजारातलं पत्र्याचं लावावं लागेल. मला ते लावायचं नाहीये."

बाई गेल्यावर आबा आईला म्हणाले, "अगं, शब्द मोडला की माणूस जातं. देह राहतो नुसता."

हे धाकटीनं ऐकलं. दुसऱ्या दिवशी ती भंगारात आली. तिला यंत्र करायचं होतं. आबांनी कागदावर वेलाची रेघ काढायची आणि ती रेघ यंत्रानं लाकडात उतरवायची.

थोरला हसला. "उद्या जेवायलाही यंत्र कर, शहाणे."

"करीन की दादा. तुला नाहीतरी चावायचा कंटाळा."

"लाकडाला हात लागतो गं. यंत्राला डोळा असतो का?"

"नसतो. म्हणून तर ते लाजत नाही. चुकलं तर चुकलं म्हणतं."

थोरल्याचा चेहरा कसनुसा झाला. तेव्हा मला वाटलं, टोमणा लागला असेल.

यंत्र असं झालं. खाली भक्कम टेबल, दोन्ही कडांना दोन रूळ, रुळांवर आडवी मी. माझ्या दोन टोकांना दोन पाय, प्रत्येक पायाशी एक मोटार, म्हणजे मी पुढंमागं चालायची. माझ्या पोटाला लाकूड खाणारं कटर लटकवलं, ते डावीउजवीकडं सरकायचं. या मोटारी पावलं मोजून चालतात. शंभर पावलं चल म्हटलं की शंभर पावलं. पण पोचले का, वाटेत अडखळले का, हे त्या आपणहून सांगत नाहीत. सांगितलं तेवढं करायचं, विचारलं नाही तर बोलायचं नाही. अशी माणसंही मी त्या घरात पाहिली.

हातपाय झाले. राहिलं डोकं. धाकटी त्याला कंट्रोलर म्हणायची, थोरला डबी म्हणायचा, आई डोकंच म्हणायची.

पहिलं डोकं धाकटीनं तिच्या दुकानातून मागून आणलं. काडेपेटीएवढं. त्याला माझ्या पायांसाठी एकच तोंड होतं. तिनं तारेला फाटा काढला आणि दोन्ही मोटारी एकाच हुकमाला बांधल्या. दोन दिवस मी छान चालले. तिसऱ्या दिवशी एक ढलपी डाव्या रुळावर पडली. डावी मोटार अडखळली, गुरगुरली, तिची पावलं चुकली. उजवीला कोण सांगणार? ती आपली निघाली पुढं. मी तिरकी झाले, दारात आडवी अडकलेली खाट जशी, आणि किंचाळले. डाव्या पायाचं चाक चेपलं. डोकं मात्र निवांत. त्याच्या लेखी दोघी बरोबरच चालल्या होत्या.

"झालं?" थोरला म्हणाला. "काढ आता मोडीत."

धाकटीनं चाक बदललं आणि कागद घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. कुठलं डोकं घ्यावं, या विचारानं तिचा जीव टांगणीला लागला होता. वाचनालयाचं दार उघडायला पंधरा दिवस राहिले होते, पुन्हा चुकायला जागा नव्हती. आई समोर बसून सदऱ्याला बटणं लावत होती. कारखान्याचं दार उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं.

"काय अडलंय एवढं?" आईनं विचारलं.

"आई, तुला नाही कळायचं."

"मला दोन पोरं वाढवता आली, दोन मोटारी नाही कळायच्या? सांग. एक पोचली आणि एक मागं राहिली, तर हे पहिलं डोकं काय करतं?"

"काहीच नाही. त्याला कळतच नाही."

"ते नको. दुसरं?"

"दुसरं मोठं आहे, आई. दुकानदार म्हणाला, कारखान्यांत हेच असतं. दोन्ही मोटारींवर सतत नजर. जरा मागंपुढं झालं की ओरडतं आणि सगळंच बंद पाडतं. पण त्याला मोटारीही वेगळ्या लागतात, आणि बिघडलं तर इथं कुणाला उघडता येणार नाही."

"ओरडायचं आणि सगळं बंद पाडायचं." आईनं दातानं दोरा तोडला. "ते तर आपल्याकडं आहे एक. अंगणात बसलंय."

धाकटी हसली. दारात टेकलेला थोरलाही हसला, बऱ्याच दिवसांनी.

"आणि तिसरं?"

"तिसरं मधलं. दोन मोटारींना दोन वेगळ्या तारा, दोन वेगळी बटणं. ही बटणं म्हणजे त्यांची घरं. काम सुरू करायच्या आधी दोघींना घरी पाठवायचं. जिचं बटण आधी दाबलं जाईल, ती तिथंच थांबते. दुसरी येईपर्यंत हलत नाही. दोघी घरी आल्या की तुळई सरळ, मग कामाला लागायचं." ती जरा थांबली. "पण खरं सांगते, एकदा काम सुरू झालं की तेही बघत नाही. रूळ साफ ठेवायचे आणि दोघींवर विश्वास ठेवायचा."

आईनं सुई खाली ठेवली. "आधी पोचेल त्यानं थांबायचं. मग विश्वास ठेवायचा. अगं, संसाराला याहून जास्त डोकं लागत नाही. हेच घे."

असं माझं डोकं ठरलं. ते आलं तेव्हा आईनं त्याच्यावरची धूळ पदरानं पुसली. "गुण्या भिंतीवर आहेच," म्हणाली, "हा आपला गोविंद. आता सगळी गुण्यागोविंदानं नांदा."

गोविंदाला घरं तर दिली, पण ती दोन घरं समोरासमोर हवीत. एक बटण जरा पुढं, एक जरा मागं असलं, तर दोन्ही मोटारी आपापल्या घरी पोचतील आणि मी मात्र जन्मभर तिरकी राहीन. म्हणून मला रुळाशी काटकोनात धरायचं, आणि त्या जागी बटणं पक्की करायची. काटकोन कोण ठरवणार?

धाकटी अंगणात गेली. "आबा, गुण्या तुम्हीच लावा."

"माझा डोळा—"

"डोळा नको. गुण्या लावा फक्त."

दोन वर्षांनी आबा कारखान्यात आले. उंबऱ्यावर थबकले, मग खिळ्यावरून गुण्या काढला. त्यांनी मूठ रुळाला टेकवली, पातं माझ्या अंगाला लावलं. आई पदर तोंडाला लावून दारात उभी. धाकटीचे डोळे भरलेले. फक्त थोरला तिथं नव्हता. तो मागच्या दारानं बाहेर गेला होता.

आणि मला कळलं. लोखंडाला अंग असतं, त्याला कळतं. पात्याचं एक टोक माझ्या अंगाला टेकलं आणि दुसऱ्या टोकाशी केसभर फट राहिली. धाकटीनं फट जाईपर्यंत मला ढकललं. मी सरळ होते, ती तिरकी झाले. गुण्यासाठी झाले. ओरडायला मला तोंड नव्हतं.

"गुण्यात आहे," आबा म्हणाले. विषय संपला.

पहिली चाचणी टाकाऊ फळ्यांवर. एक फळी कोरली, मग त्याच जागी दुसरी ठेवून कोरली. आबांनी कागदावर काढून दिलेला वेल लाकडात उतरताना बघून आईला भरून आलं. मग धाकटीनं दोन्ही फळ्या शेजारी ठेवल्या.

वेल तुटला होता. डाव्या फळीवरून येणारा देठ वर, उजवीकडचा खाली. मधे सूतभर फरक. सुतारांचं सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. पण वेलाला तेवढं तुटणं पुरतं.

धाकटीनं मोटारी पुन्हा घरी पाठवल्या, पुन्हा कोरलं. सूतभर. बटणं तपासली, तारा तपासल्या, रूळ पुसले. पुन्हा सूतभर. दार उघडायला चार दिवस उरले होते.

"डोकं बदलू या का?" आईनं हळूच विचारलं.

धाकटी जमिनीवर बसली होती, मांडीवर शेवटच्या दोन फळ्या. "आई, डोकं चुकतं ना, तेव्हा दर वेळी वेगळं चुकतं. हे दर वेळी तेवढंच चुकतंय. गोविंद सांगितलेलं नीट करतोय. सांगतानाच काहीतरी वाकडं सांगितलंय आपण."

"मी सांगितलंय," आबा म्हणाले. आवाज अगदी शांत होता, म्हणून फार वाईट वाटला. "गुण्या मी धरला. माझा डोळा गेलाय हे मी आधीच सांगितलं होतं तुला. मोडून टाक हे. बाईंना निरोप धाड, पत्र्याचं दार लावा म्हणावं."

ते गुण्या खिळ्याला लावायला वळले. थोरला वाटेत उभा होता.

"आबा, तो द्या इकडं."

"कशाला?"

"द्या."

त्यानं एक फळी टेबलावर ठेवली. गुण्या कडेला टेकवून पेन्सिलीनं रेघ मारली. मग गुण्या उलटा केला, त्याच बिंदूवर धरून दुसरी रेघ मारली. सुताराच्या घरातल्या सात वर्षांच्या पोराला ठाऊक असलेली परीक्षा. गुण्या खरा असेल तर दोन रेघांची एक रेघ होते.

दोन रेघा खाली एकत्र होत्या आणि वर जाता जाता फाकल्या होत्या, कात्रीच्या पात्यांसारख्या.

थोरल्यानं गुण्या टेबलावर ठेवला.

"माझ्या हातून पडला," थोरला म्हणाला. "दोन वर्षांपूर्वी. तुम्ही घरी नव्हता. माझा गुण्या सापडेना म्हणून तुमचा घेतला, आणि फरशीवर पडला. कोपऱ्यावर. मी पुसला आणि लावून टाकला. मला वाटलं, काही झालं नाही."

"मग कपाट परत आलं," आबा म्हणाले.

"हो."

"तेव्हा तुला कळलं."

"हो." त्यानं पेन्सिल खाली ठेवली. "त्याच दिवशी सांगणार होतो. तुम्ही म्हणालात, डोळा गेला. मग रोज वाटायचं, उद्या सांगू. आणि लोक म्हणायला लागले, मुलगा पुढं गेला. मी पुढं नव्हतो गेलो, आबा. तुम्हाला मागं ठेवून आलो होतो."

दादाला ऐकवण्यासारखं पुष्कळ काही धाकटीच्या ओठांवर आलेलं मी पाहिलं. तिनं ते गिळलं.

आबा स्टुलावर बसले. त्या दोन रेघांवरून बोट फिरवत राहिले. म्हणाले, "दोन वर्षं मी डोळस असून आंधळा बसलो रे." आणि मग, "तुझी एकट्याची चूक नाही. जगाचे गुण्ये उलटे करून बघितले मी. हाच तेवढा बघितला नाही."

थोरला पाया पडायला वाकला. आबांनी त्याला दंडाला धरून उभं केलं.

"ते राहू दे. कानस आण. तू रेघ मार, मी घासतो."

त्या दुपारी बाप-लेक टेबलाशी बसले. आबांनी पात्यावर कानस दोन वेळा ओढायची, थोरल्यानं रेघ मारायची, गुण्या उलटायचा, दुसरी रेघ मारायची. पुन्हा कानस. फळी रेघांनी भरली. हळूहळू कात्री मिटत आली.

"झालं," थोरला म्हणाला.

"नाही झालं," आबा म्हणाले. "वर अजून केसभर आहे."

धाकटीनं भिंग आणलं. केसभर होतं. भिंगाशिवाय ते तिला दिसलं नव्हतं, थोरल्याला दिसलं नव्हतं. डोळा गेलेल्या माणसाला दिसलं होतं.

आई स्वयंपाकघरात गेली आणि भांडी उगाचच मोठ्यानं वाजवायला लागली. माणसं रडणं लपवायला काय काय आवाज करतात.

शेवटी दोन रेघांची एक रेघ झाली. मग आबांनी गुण्या पुन्हा माझ्या अंगाला लावला. या वेळी पातं माझ्या अंगाला टोकापासून टोकापर्यंत टेकलं. धाकटी उजव्या बटणाशी, थोरला डाव्या बटणाशी, दोघांनी आपापले स्क्रू पिळले.

"तुझं झालं का गं?"

"माझं कधीच झालंय. थांबलेय तुझ्यासाठी."

"थांब, थांब. आलोच."

एवढंच बोलणं. पण त्या दोघांचं सूत पुन्हा जुळलं ते तिथं, माझ्या दोन पायांशी बसून.

मग त्या दोन जुळ्या फळ्या आल्या. तिसरी नव्हती. धाकटीनं सुरू करायचं बटण दाबलं. डावी मोटार घरी पोचली, थांबली. उजवी आली. गोविंदानं हिरवा दिवा लावला. आणि मी निघाले. थोरला माझ्याबरोबर रुळाच्या कडेनं चालत होता, हातात ब्रश, एक ढलपी रुळावर राहू देत नव्हता. ज्याला यंत्राचा राग, तोच माझी वाट झाडत होता.

वेल मी कोरला, पण पानांच्या शिरा नाही. त्या आबांनी कोरल्या, तेलाच्या फडक्यातून पटाशा काढून. मला जे येत नाही ते येत नाही, त्यात लाज कसली.

ठरल्या दिवशी दार वाचनालयाला बसलं. ग्रंथपाल बाईंनी दोन्ही फळ्या मिटल्या. देठाला देठ भिडला. त्यांनी मधल्या फटीवरून तळवा फिरवला आणि म्हणाल्या, "आबा, जोड कुठाय?"

आबांनी थोरल्याकडं बघितलं, मग धाकटीकडं. हे मला आईनं सांगितलं. फडक्यानं मला पुसता पुसता ती सगळं सांगते.

त्याला आता पुष्कळ दिवस झाले. दवाखान्याची दारं झाली, शाळेची झाली. आबा रेघ काढतात, मी चालते, थोरला जोडतो, धाकटी माझी नाडी बघते. अंगणातल्या खुर्चीवर मांजर बसतं. गुण्या खिळ्यावर असतो, पण दर सोमवारी सकाळी आबा त्याला खाली काढतात, फळीवर रेघ मारतात आणि उलटा करून बघतात. मगच कामाला हात लावतात. चार माणसांच्या जेवणाला आता चार माणसं एकदम बसतात. जो आधी येतो तो ताट पुढं घेऊन थांबतो.

माझ्या अंगावरचा रंग उडालाय. बसथांब्याच्या दिवसांतला एक जुना पोचा अजून आहे. माझं कधीतरी भंगार होईल, नव्या तुळया येतील, गोविंदाहून शहाणी डोकी येतील. त्यांना माझा एवढाच निरोप सांगा. कामाला लागण्याआधी दोघांनाही घरी जाऊ द्या. आणि ज्याच्यावर सगळं घर मोजता, तो गुण्या अधूनमधून उलटा करून बघा.

अशी ही चालत्या तुळईची कहाणी, दोन रेघांची एका रेघेत सुफळ संपूर्ण.